टिळकांच्या घरातली प्रार्थना

आज एका घराची गोष्ट.

१८९५ साली कवी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या. तेव्हा धर्म बदलला की नाती तुटायची. ही दोघंही काही काळ वेगळी राहिली. पुढे लक्ष्मीबाई अहमदनगरला आल्या, त्याही सोवळं-ओवळं सांभाळून. बाप्तिस्मा त्यांनी घेतला १९०० मध्ये, स्वतः विचार करून.

टिळकांनी धर्म बदलला, पण तुकोबांची वाट सोडली नाही. चर्चमध्ये परक्या चालींवर इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरं गायली जायची. टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगात, भजनात, कीर्तनात आणली. प्रार्थना घरच्या भाषेत आली ना, मंडळी!

१९१९ ला टिळक गेले, 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं. ते पूर्ण केलं लक्ष्मीबाईंनी. कधी शाळेत न गेलेल्या, लग्नानंतर लिहा-वाचायला शिकलेल्या बाईंनी!

मी सॉफ्टवेअरवाला, माझ्याकडे प्रत्येक कामाला डेडलाइन. म्हणून मला त्या घरातली मधली पाच वर्षं मोठी वाटतात. लक्ष्मीबाईंना त्यांचा वेळ मिळाला, म्हणूनच एकाची श्रद्धा पुढे दोघांची झाली. आपल्या घरात आपण एकमेकांना एवढा वेळ देतो का?