दुर्बिणीचं ऑपरेशन: पोटातली चिकटलेली आतडी सोडवली की दुखणं थांबतं?

गर्भाशयाचं ऑपरेशन झाल्यापासून माझ्या आईचं पोट दोन वर्षं दुखतंय. साकोलीहून भंडारा, तिथून नागपूर, सगळीकडे फाईल घेऊन फिरलो. रिपोर्ट नॉर्मल! शेवटी एक डॉक्टर म्हणाले, "आतडी चिकटली असतील, दुर्बिणीतून बघू." मग मी मोबाईल घेऊन वाचायला बसलो. जे कळलं ते इथे देतोय.

आतडी चिकटतात म्हणजे काय?
ऑपरेशननंतर जखम भरताना पोटात पापुद्र्यासारखे पट्टे तयार होतात. त्यांना अ‍ॅडहिजन्स म्हणतात. पोट उघडून ऑपरेशन झालेल्या बहुतेकांमध्ये ते असतात, पण अनेकांना काहीच त्रास होत नाही. सोनोग्राफीत ते सहसा दिसत नाहीत.

दुर्बीण कशी चालते?
पूर्ण भूल देऊन पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, म्हणजे आत जागा होते. मग 5 ते 10 मिलिमीटरच्या छिद्रांतून कॅमेरा आणि अवजारं जातात. पहिलं छिद्र बहुधा बेंबीपाशी असतं. पण जुन्या टाक्यांखाली आतडं चिकटलेलं असू शकतं, म्हणून अशा वेळी अनेक सर्जन डाव्या बरगडीखालून शिरतात.

दुखणं थांबतं का?
खरी मेख इथेच आहे. 2003 मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये नेदरलँड्समधला एक अभ्यास आला. 100 रुग्णांना दुर्बीण घातली. साधारण निम्म्यांचे पट्टे सोडवले, बाकीच्यांचे नुसते पाहिले. कोणाचं काय केलं, हे रुग्णांना सांगितलं नव्हतं. वर्षभराने दोन्ही गटांचं दुखणं कमी झालं होतं, दोघांत ठळक फरक नव्हता! शिवाय पट्टे पुन्हा तयार होऊ शकतात आणि सोडवताना आतड्याला इजा होऊ शकते. थोडक्यात, कॅमेऱ्याला पट्टे दिसतात, दुखणं दिसत नाही.

डॉक्टरांना हे विचारा
• दुखण्याचं दुसरं कारण तपासलं का? उदा. टाक्यांजवळ अडकलेली नस.
• पट्टे दिसलेच, तर सोडवणार की नुसतं बघणार?
• महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसतं का?

थांबू नका!
पोट फुगलं, उलट्या होतायत, गॅस आणि शौच बंद झालं, तर आतडं अडकलेलं असू शकतं. अशा वेळी गुगल करत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

आईचा निर्णय अजून झालेला नाही. सध्या कधी दुखलं, काय खाल्लं होतं, हे मी रोज मोबाईलच्या नोट्समध्ये लिहितोय. पुढच्या भेटीत डॉक्टरांना आधी तेच दाखवणार.