दत्तक : मांडी कोणाची, मर्जी कोणाची?



मूल नसलेल्या बाईला सल्ला द्यायला सगळा गाव पुढे असतो. कोणी म्हणतं, दिराचा मुलगा घे. कोणी म्हणतं, भाचा घे. कोणी हळूच सांगतं, पैसे दिले की एका दवाखान्यातून बाळ मिळतं. तिला काय हवं, हे मात्र कोणी विचारत नाही. म्हणून आज आम्ही दत्तकाचा इतिहास सांगणार आहोत. त्यात पुन्हा पुन्हा एकच प्रश्न येतो : हा निर्णय कोणाचा?

सुरुवात आपल्याच जिल्ह्याच्या लेकीपासून करू. जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या अहिल्याबाई. १७५४ मध्ये पती खंडेराव गेले, १७६६ मध्ये सासरे मल्हारराव गेले आणि १७६७ मध्ये एकुलता मुलगा मालेरावही गेला. तेव्हा दिवाण गंगाधर यशवंतांनी सुचवलं, की लहान मूल दत्तक घ्या. म्हणजे गादीवर बाळ बसणार आणि कारभार दुसऱ्याच्या हाती जाणार. अहिल्याबाईंनी नकार दिला. राघोबादादा फौज घेऊन निघाले, तरी त्या डगमगल्या नाहीत. माधवराव पेशव्यांनी त्यांचा हक्क मानला. त्यांनी फौजेची जबाबदारी तुकोजी होळकरांना दिली आणि राज्य स्वतः चालवलं. दत्तक न घेणं हाही बाईचा निर्णय असू शकतो, हे त्यांनी दाखवलं.

झाशीत उलटं घडलं. गंगाधररावांनी १८५३ मध्ये मृत्यूच्या आदल्या दिवशी नात्यातला आनंदराव दत्तक घेतला आणि त्याचं नाव दामोदर ठेवलं. इंग्रजांनी ते दत्तक मानलं नाही आणि संस्थान खालसा केलं. साताऱ्याची गादीही १८४८ मध्ये अशीच गेली होती. त्या काळी दत्तक मुख्यतः गादी, वतन, जमीन आणि पिंडदान यांसाठी घेत. म्हणून मुलगाच हवा आणि तोही शक्यतो भाऊबंदांतला.

ही चौकट मोडली सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण आपल्या नगरला मिस फरार यांच्याकडे घेतलं होतं. त्या काळी विधवेला दिवस गेले, तर तिच्यापुढे विहीर तरी असे, नाहीतर बाळाचा गळा. फुले दांपत्यानं १८६३ मध्ये पुण्यात आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथे आलेल्या काशीबाई या ब्राह्मण विधवेचं मूल त्यांनी १८७४ मध्ये दत्तक घेतलं. तोच यशवंत. ना नात्यातला, ना जातीतला. जोतीरावांनी १८८७ मध्ये मृत्युपत्र करून त्याला वारस केलं. तरी १८९० मध्ये जोतीरावांच्या अंत्ययात्रेत भाऊबंदांनी यशवंतच्या हक्काला हरकत घेतली. तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं हाती धरलं. पुढे यशवंत डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगात मायलेकांनी रोग्यांची सेवा केली. त्या सेवेतच सावित्रीबाई गेल्या.

कायद्याला यायला उशीर झाला. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यानं मुलगी दत्तक घ्यायची वाट मोकळी केली. अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित बाईला स्वतःच्या नावानं दत्तक घेता येऊ लागलं. नवऱ्याला दत्तक घ्यायचं तर बायकोची संमती लागते. नवरा असलेल्या बाईला मात्र त्याच्या संमतीनं स्वतः दत्तक घ्यायचा हक्क २०१० मध्ये मिळाला.

आज दोन सरळ वाटा आहेत. पहिली, नात्यातलं किंवा ओळखीतलं मूल १९५६ च्या कायद्यानं घेण्याची. मूल सहसा १५ वर्षांच्या आतलं लागतं. घरात मुलगा असेल तर मुलगा घेता येत नाही, मुलगी असेल तर मुलगी नाही. दत्तकपत्राची नोंदणी करून घ्या. तोंडी दिलं-घेतलं, की पुढे जमिनीच्या वाटणीत भांडण उभं राहतं आणि मूल मध्ये चिरडतं.

दुसरी वाट अनाथ किंवा सोडून दिलेल्या मुलांसाठी २०१५ च्या बाल न्याय कायद्याची. ती सर्व धर्मांना खुली आहे. केंद्र सरकारच्या ‘कारा’ संस्थेकडे ऑनलाइन नोंदणी होते. सामाजिक कार्यकर्ती घरी येऊन पाहणी करते. बालकल्याण समितीनं मोकळं केलेलं मूलच दिलं जातं. सप्टेंबर २०२२ पासून शेवटचा आदेश जिल्हाधिकारी देतात. नगरमध्ये स्नेहालय संस्थेचं स्नेहांकुर केंद्र हे काम करतं. या वाटेवर थांबावं लागतं, पण मूल कोणी हिरावून नेण्याची भीती राहत नाही.

पैसे मोजून बाळ आणणं ही वाट नाही, तो गुन्हा आहे. त्याला ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपये दंड होऊ शकतो. आणि बाळाला जन्म देणाऱ्या आईचाही विचार करा. जिला मूल सांभाळणं शक्य नाही, तिला ते बालकल्याण समितीकडे सोपवता येतं आणि फेरविचाराला ६० दिवस मिळतात. काशीबाईंना फुल्यांचं घर मिळालं, तसा हा आजचा आसरा. गरज पडली तर १०९८ ला फोन लावा.

गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय जरूर काढा. आणि मूल नसलेली मैत्रीण शेजारी बसली असेल, तर सल्ला देण्याआधी तिला विचारा, ‘बाई, तुला काय हवंय?’