पळसदरीचा फाटा

कर्जतहून खोपोलीस जाणाऱ्या गाडीतून पळसदरीच्या फलाटावर उतरणाऱ्या माणसाच्या मनात चढणीचा, पावसाचा किंवा स्वामी समर्थांच्या मठाचा विचार असतो, गणिताचा नसतो. पण गेल्या श्रावणात तेथील बाकावर गाडीची वाट पाहत बसलो असता शेजारच्या कॉलेजकन्येच्या वहीत दोन लंबगोल, त्यांतले ठिपके आणि एका गोलातून दुसऱ्यात गेलेले बाण दिसले, व त्यांच्याखाली 'हा संबंध फलन आहे काय? कारण द्या' असा मजकूर वाचला, तेव्हा त्या प्रश्नाचे उत्तर समोरच्या रुळांवरच मांडून ठेवलेले आहे असे माझ्या ध्यानात आले.

'पुढचे स्टेशन कोणते?' हाच संबंध घेऊ. खोपोली किंवा खंडाळ्याच्या दिशेने जाणाऱ्याने कर्जतला तो विचारला तर उत्तर पळसदरी, लौजीला विचारला तर खोपोली. दुसरे उत्तर संभवत नाही, आणि प्रत्येक ठिपक्यातून असा एकच बाण निघाला तरच संबंधाला फलन म्हणायचे. पळसदरीला मात्र रस्ता फुटतो. एक केळवली, डोळवली, लौजी असे गाव गाठीत खोपोलीस उतरतो, आणि दुसरा जांबरुंग, ठाकूरवाडी, मंकी हिल करीत घाट चढून खंडाळ्यास जातो. एका ठिपक्यातून दोन बाण निघाले. संबंध उरला, फलन गेले. गंमत अशी की ते कधी गेले याची तारीखही दाखवता येते. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा लोहमार्ग 12 मे 1856 रोजी पळसदरीवरून खोपोलीपर्यंत खुला झाला, आणि पुढे 1858 साली खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाल्यावरही मधला घाट उतारूंना पालखीने, घोड्यावरून नाही तर छकड्याने ओलांडावा लागे. म्हणजे तोवर पळसदरीपुढे गाडीला एकच वाट होती. 21 एप्रिल 1863 रोजी बोरघाटाचा मार्ग खुला झाला आणि त्या दिवसापासून पळसदरीच्या ठिपक्याला दुसरा बाण चिकटला.

आता या 'फलन' शब्दाचे कूळ पाहू. लायब्नित्सने 1673 च्या एका हस्तलिखितात जो लॅटिन शब्द वापरला, त्याचा मूळ अर्थ नेमलेले काम बजावणे, अंमलबजावणी करणे, असा कचेरीतला आहे. आपला शब्द त्याचे भाषांतर नव्हे. तो निराळ्या वाड्यातून आला. त्रैराशिक शिकलेल्या प्रत्येकाच्या आजोबांना तो ठाऊक होता: 3 मण भातास 12 रुपये, तर 7 मणांस किती, या उदाहरणात 3 हे प्रमाण, 12 हे फल, 7 ही इच्छा आणि जे 28 निघतात ते इच्छाफल. इच्छा हा शब्द मला फार आवडतो. विचारणाऱ्याने कोणतीही संख्या मनात धरावी, तिच्या पदरात एक आणि एकच फल पडेल, एवढा करार त्या दोन शब्दांत आधीच झालेला आहे. क्षेत्रफल, घनफल ही त्याच घराण्यातली. आणि ज्योतिषात मंदफल, शीघ्रफल, म्हणजे ग्रहाच्या सरासरी स्थानाला द्यावयाच्या दुरुस्त्या.

या शेवटच्या दोन फलांसाठी पळसदरीहून फार दूर जावे लागत नाही. याच रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, मुरूडजवळच्या नांदगावी, गणेश दैवज्ञाने शके 1442 (इ. स. 1520) हा आरंभ धरून 'ग्रहलाघव' रचले, आणि त्यात 'ज्या' म्हणजे साइन यांच्या खटाटोपाला पूर्ण फाटा देऊन दर 15 अंशांना एकेक अंक नेमून दिला. मंगळाचे हे अंक, म्हणजे शीघ्रांक, पाहा: केंद्र (ज्या कोनावरून फल काढायचे तो) 105 अंश असता 365, 120 ला 393, 135 ला 400, 150 ला 368, 165 ला 249 आणि 180 ला 0, अंकाला 10 ने भागले की शीघ्रफल अंशांत मिळते, आणि मधल्या केंद्रांसाठी दोन अंकांमधील अंतराची प्रमाणाने वाटणी करावयाची. येथे बीजगणिती सूत्र कोठेही लिहिलेले नाही. आहे ती केवळ यादी. तरीही कोणतेही केंद्र सांगा, फल एकच. उलट दिशेने मात्र जाऊन पाहावे: अंक 368 असता केंद्र किती? एक उत्तर 150 अंश, आणि दुसरे 106 व 107 यांच्या मध्ये कोठेतरी. अनेक इच्छांना एक फल चालते, एका इच्छेला अनेक फले चालत नाहीत, हे पंचांगकर्त्याला कोणी शिकवावे लागले नाही, कारण ग्रह एका वेळी दोन राशींत लिहिला तर यजमानच पोथी मिटून उठून गेला असता. केरोपंत छत्र्यांनी 1860 साली 'ग्रहसाधनाची कोष्टके' छापली, तेव्हा ही यादीची परंपरा मराठीत आली.

गणेशापाशी फलनाची व्याख्या होती असा दावा मी करीत नाही. व्याख्या युरोपातच झाली, आणि तीही बरीच ठेचकाळत. योहान बेर्नुलीने 1718 साली आणि ऑयलरने 1748 साली फलन म्हणजे चल व अचल राशींची बनलेली पदावली असे सांगितले, म्हणजे सूत्र नसेल तर फलन नाही. मग कंप पावणाऱ्या तारेच्या आकारावरून वाद पेटला, 1755 मध्ये खुद्द ऑयलरनेच आपली भाषा सैल केली, 1822 मध्ये फूरिएच्या उष्णतेवरील ग्रंथाने जुन्या समजुती हादरविल्या, आणि 1837 मध्ये डिरिख्लेने प्रत्येक इच्छेला एक निश्चित फल असणे पुरे, मग ते कोणत्याही नियमाने आलेले असो, असे मांडले. ठिपक्यांची आणि बाणांची आजची आकृती त्यानंतरच्या संचांच्या युगातली आहे. सूत्राचा हट्ट सोडायला तिकडे शंभराच्या आसपास वर्षे गेली. कोष्टकावर पोट भरणाऱ्याला तो हट्ट परवडलाच नसता.

एका इच्छेला एकच फल आहे की नाही हे आलेखावर तपासण्याला उभ्या रेषेची कसोटी म्हणतात. रेल्वेच्या कंट्रोलमधील तक्ता डोळ्यांसमोर आणावा: आडव्या बाजूस वेळ, उभ्या बाजूस स्टेशने, प्रत्येक गाडीची एक तिरपी रेघ. कोणत्याही क्षणी उभी पट्टी ठेवली तर ती एका गाडीच्या रेघेला एकदाच छेदते. 37 फुटांस 1 फूट अशा घाटाच्या चढाला जादा इंजिने जोडण्यासाठी गाडी कर्जतला उभी राहते, तेवढी रेघ आडवी होते. 'अमुक वेळी गाडी कोठे' याला त्याने बाध येत नाही, 'गाडी कर्जतला किती वाजता' या प्रश्नाला मात्र येतो.

तलाठ्याच्या दफ्तरातही हेच आहे. गट क्रमांकाला क्षेत्र एकच असते, पण खातेदार विचारा, की वारसांची सामाईक नावे उताऱ्याच्या खालपर्यंत उतरतात.

एका प्रश्नाला दोन उत्तरे निघण्याचे जुने उदाहरणही आहे: भास्कराचार्यांच्या बीजगणितात एका कळपाच्या आठव्या भागाच्या वर्गाइतकी वानरे वनात रमलेली आहेत आणि उरलेली 12 डोंगरावर, एकूण किती? 16 आणि 48, दोन्ही उत्तरे बरोबर, आणि आचार्यांनी दोन्ही ठेवली. (मंकी हिलच्या पायथ्याशी बसून हे उदाहरण आठवू नये तर काय करावे!) धनसंख्येचे मूळ धनही असते आणि ऋणही, हे त्यांनीच सांगितले आहे, आजचा गणिती फलन हवे असेल तेव्हा त्यांतले धनमूळ तेवढे पत्करतो, आणि अशा निवडलेल्या भागाला शाखा म्हणतो. रेल्वेतही खोपोलीचा मार्ग शाखाच म्हणवतो, आणि इलाजही तोच आहे: स्टेशनाबरोबर गाडीचेही नाव सांगितले, की पळसदरीच्या पुढचे उत्तर पुन्हा एकच होते.

मुलीने वहीत 'नाही' असे लिहिले आणि कारणाची ओळ रिकामी ठेवून मला विचारले, "काका, ही खोपोलीच ना?" मी होय म्हटले. तिची गाडी गेल्यावर समोरच्या फलाटावर कर्जतची आली. तिच्यात चढणाऱ्यांपैकी कोणीही कोणाला काहीच विचारले नाही.