नव्या गटाची गरज कोणी ठरवली?

३ एप्रिल १९८८ या तारखेचा एक छोटा निरोप आज वाचायला मिळतो. पाठवणारे ब्रायन रीड हे कॅलिफोर्नियातील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या प्रयोगशाळेतले संगणकशास्त्रज्ञ. विषयाच्या ओळीत ‘सोक.सेक्स’ या गटाच्या मतदानाचा अंतिम निकाल आहे. मजकूर मात्र सांगतो की रीड यांनी ‘ऑल्ट.सेक्स’ नावाचा गट सुरू केला आहे. म्हणजे मते पडली एका गटाला आणि जन्म झाला दुसऱ्याचा. असे का, याचा शोध कागदपत्रांतून किती लागतो ते पाहू.

हा यूजनेटचा, म्हणजे चर्चागटांच्या संगणकजाळ्याचा काळ. १९७९ साली ड्यूक विद्यापीठात या जाळ्याची कल्पना निघाली आणि १९८० मध्ये ते चालू झाले. त्याला मध्यवर्ती यंत्र नव्हते. प्रत्येक ठिकाणचा प्रशासक शेजारच्या यंत्राकडून संदेश घेई आणि पुढे देई. जुलै १९८६ ते मार्च १९८७ या काळात सर्व गटांची नावे बदलून कॉम्प, मिस्क, न्यूज, रेक, साय, सोक आणि टॉक अशा सात शाखा पाडण्यात आल्या. त्यांत नवा गट हवा असेल तर आधी जाहीर चर्चा आणि मग ई-मेलने मतदान, अशी रीत बसत गेली. होकार नकारांपेक्षा किमान १०० ने जास्त हवेत, ही त्यातली प्रसिद्ध अट. मतदान गुप्त नसे. कोणी कोणत्या बाजूने मत दिले, याची यादी निकालासोबत छापली जाई. इतिहास लिहिणाऱ्याला याहून सोयीचे दप्तर क्वचितच मिळते.

हे दप्तर टिकून राहिले ते टोरांटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात. तिथल्या हेन्री स्पेन्सर यांनी १९८१ ते १९९१ या काळातले संदेश १४१ चुंबकीय फितींवर साठवून ठेवले होते. त्यांतले सुमारे वीस लाख संदेश पुढे संगणकांवर उतरवले गेले आणि २००१ च्या अखेरीस गूगलने लोकांसमोर आणलेल्या संग्रहात आले. मात्र फितींवर आले ते जाहीर संदेश. मोठ्या यंत्रांचे प्रशासक, ज्यांना जाळ्याचा ‘कणा’ म्हणत, ते एकमेकांशी खासगी टपालयादीवर बोलत. रीड यांचा निरोप याच यादीला उद्देशून आहे. आपल्याला दिसते ती त्याची नंतर इतरांनी फिरवलेली प्रत, त्यामुळे तिचे वजन मूळ नोंदीइतके धरता येत नाही. तरी ती खोटी मानायला कारण दिसत नाही. त्या सात शाखांबाहेरची ऑल्ट शाखा मे १९८७ मध्ये रीड, जॉन गिलमोर आणि गॉर्डन मॉफेट यांनी कण्याला वळसा घालूनच काढली होती, आणि निरोप त्या घटनाक्रमात नेमका बसतो.

तेव्हा खात्रीचे एवढेच: सोक.सेक्सला मतदानात मान्यता मिळाली, तरी तो गट निघाला नाही. असे नाव आपल्या यंत्रांवर दिसले तर विद्यापीठांचे वरिष्ठ संतापतील, या भीतीने प्रशासक मागे हटले असावेत. हा माझा तर्क आहे. तो पडताळण्याची जागा ती टपालयादीच.

पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, दुसरे प्रकरण घडले आणि इथे जाहीर कागद भरपूर आहेत. मत्स्यालयांच्या छंदावर ‘ऑल्ट.अ‍ॅक्वेरिया’ आधीच चालू होता. कोणी तरी ‘साय.अ‍ॅक्वेरिया’ सुचवला. साय म्हणजे विज्ञानशाखा, आणि तिचे गट अनेक यंत्रे डोळे झाकून स्वीकारत. विरोधकांचे म्हणणे असे की छंद रेक शाखेत जावा, आणि गट दूरवर पोहोचावा म्हणून त्याच्यावर विज्ञानाचे नाव चढवू नये. मतदान प्रस्तावाच्या बाजूने गेले. पण अनेक प्रशासकांनी तो गट आपल्या यंत्रांवर घेतलाच नाही. ‘रेक.अ‍ॅक्वेरिया’ वेगळा काढावा लागला.

मला हा प्रसंग सोक.सेक्सपेक्षा मोलाचा वाटतो. तिथे थोड्या लोकांनी नकार दिला आणि त्यांची कारणे बंद यादीत राहिली. इथे मतदार एका बाजूला होते आणि दुसऱ्या बाजूला विखुरलेली यंत्रे, आणि दोन्हींच्या खुणा उघड्यावर उरल्या. १०० चे अंतर गाठले म्हणजे गट मागणारे पुरेसे आहेत एवढे सिद्ध होते. तो वाचला जाईल का, हा निराळा प्रश्न.

त्या प्रश्नावरही एक साधन आहे, आणि त्याचे कर्ते पुन्हा ब्रायन रीडच. ‘आर्बिट्रॉन’ नावाच्या त्यांच्या संगणक-आज्ञावलीतून कोणता गट किती यंत्रांवर पोहोचतो आणि अंदाजे किती लोक वाचतात याचे अहवाल निघत. आकडे स्वेच्छेने माहिती पाठवणाऱ्या ठिकाणांचे असल्याने ते नमुन्यावरचे अंदाज आहेत. पण पोहोच आणि वाचन हे दोन स्तंभ त्यांत वेगळे मांडलेले असत, आणि मतपत्रिकेत नेमके तेच नसे. त्यामुळे साय.अ‍ॅक्वेरियाचा निकाल वाचताना मतांच्या यादीशेजारी हे अहवाल ठेवावे लागतात. पुढे रेक.अ‍ॅक्वेरियाखाली गोड्या पाण्याचे आणि समुद्री मत्स्यालयांचे निराळे पोटगट निघाले, आणि त्या प्रत्येकासाठी हीच तपासणी नव्याने करावी लागेल.