चुन्याचा हात आणि पाण्याचा मारा

दसरा-दिवाळी जवळ आली की गोव्यात घराच्या बाहेरच्या साफसफाईची घाई सुरू होते. पणजीत वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस कोसळतो, त्यामुळे भिंतीवर शेवाळ, कौलांवर काळी बुरशी आणि अंगणात निसरडे हे ठरलेलेच. हल्ली या कामाला यंत्र घेऊन माणसे येतात. नळीतून पाण्याचा जबरदस्त मारा केला की तासाभरात भिंत लख्ख! हे पाहताना मला मात्र वाटते, आपली जुनी घरे कशाची बांधली आहेत हे आपण विसरत चाललो आहोत.

जुन्या घराची भिंत चिऱ्याची. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, वाऱ्या-उन्हात कडक होतो. पण तो सच्छिद्र. सतत भिजत राहिला की त्याचे कण गळू लागतात. म्हणून त्यावर शिंपले भाजून केलेल्या चुन्याचा गिलावा असे आणि पाऊस गेला की चुन्याचा हात. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगडासारखा घट्ट होतो, तरी भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतो. ताज्या चुन्यावर शेवाळही सहजी धरत नाही. म्हणजे सफेदी ही शोभा नव्हे, तीच भिंतीची स्वच्छता आणि दुरुस्ती.

प्रत्येक भागाची रीत निराळी होती. मंगळुरात बासेल मिशनने १८६५ साली सुरू केलेल्या कारखान्यामुळे पुढे घराघरांवर आलेली मंगळुरी कौले पावसाआधी शाकारणीच्या वेळी झाडली जात. शिंपांच्या खिडक्या ओल्या फडक्याने हलकेच पुसायच्या. मातीचे अंगण चोपून शेणाने सारवायचे. पावसाळ्यात भिंतीला माडाच्या चुडतांची मल्लां बांधायची, म्हणजे मुळात ती भिजणारच कमी!

भिंतीचे हे आवरण काढले तर काय होते, याचा धडा जुन्या गोव्यातच उभा आहे. बॉम जेझूसचे बांधकाम १५९४ ते १६०५ या काळातले. १९५० च्या दशकात पोर्तुगीज वास्तुविशारद बाल्ताझार कास्त्रो यांच्या देखरेखीखाली तिचा बाहेरचा चुन्याचा गिलावा काढण्यात आला. आज पर्यटकांना तो तांबडा रंगच तिचा मूळ रंग वाटतो. पण उघडा पडलेला चिरा तेव्हापासून दर पावसाळ्यात झिजत आहे. गिलावा पुन्हा करावा की नाही, यावर वाद झाले आहेत. रस्त्यापलीकडचे से कॅथेड्रल मात्र चुन्याची पांढरी कांती घेऊन उभे आहे. दोन्ही इमारती एकाच पावसात भिजतात, हे ध्यानात घ्यावे.

योगायोग असा की, जर्मनीत आल्फ्रेड कार्चर यांनी गरम पाण्याच्या माऱ्याचे धुलाईयंत्र आणले तेही १९५० सालीच. यंत्र वाईट नाही. सिमेंटचा कट्टा किंवा ग्रॅनाइटच्या पायऱ्या त्याने खुशाल धुवाव्यात. पण जुन्या चुन्यावर तोच मारा केला तर शेवाळाबरोबर गिलावाही निघतो. भेगांतून पाणी आत शिरते, आणि वरून सिमेंट थापले की ती ओल आतच कोंडते.

तेव्हा यंत्रवाल्याला बोलावण्याआधी भिंतीवर बोट घासून पाहा. बोटाला पांढरी पूड लागली तर बहुधा तो चुना आहे. मग मऊ ब्रश, साधे पाणी आणि चुना लावणारा माणूस शोधा. असे हात आता थोडेच उरलेत. त्यांना काम मिळाले तरच आपली घरे टिकतील.