सोळा सळयांचा पुरावा

पेनसिल्व्हेनियात बेअर रन या ओढ्यावर, धबधब्याच्या अगदी माथ्याशी ‘फॉलिंगवॉटर’ हे घर उभे आहे. वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट यांनी ते पिट्सबर्गचे व्यापारी एडगर कॉफमन यांच्यासाठी बांधले. त्याच्या काँक्रीटच्या गच्च्या खाली खांब न देता थेट प्रवाहावर पुढे काढल्या आहेत. दिवाणखान्याचा भार पेलणाऱ्या मुख्य तुळयांत पोलाद किती आणि ते कोणी ठरवले, एवढेच इथे तपासू.

पहिला पुरावा आराखड्यांचा. राइट यांच्या योजनेत प्रत्येक मुख्य तुळईत इंचभर चौरस जाडीच्या आठ सळया होत्या. कॉफमन यांना धास्ती वाटली. त्यांनी मेट्झगर-रिचर्डसन या कंपनीच्या अभियंत्यांकडून हिशेब करून घेतला. त्यांच्या नकाशात सळया सोळा झाल्या.

दुसरा पुरावा पत्रांचा. ऑगस्ट १९३६ मध्ये पहिल्या मजल्याचे काँक्रीट पडले आणि त्याच महिन्यात जादा सळयांवरून राइट यांचे संतप्त पत्र आले. आपल्यावरचा अविश्वास त्यांना सर्वाधिक झोंबला होता. कॉफमन यांनी उत्तरात राइट यांचीच वाक्ये उचलून त्यांच्यावर उलटवली. कामावर देखरेख करणारा शिष्य बॉब मोशर याला राइट यांनी परत बोलावले. जादा सळयांना त्याची मूक संमती असावी, असे यावरून वाटते. पण हे अनुमानच.

पत्रांवरून भांडण सिद्ध होते. तुळईत प्रत्यक्षात काय गेले, ते मात्र त्यांवरून सिद्ध होत नाही.

म्हणून तिसरा साक्षीदार खुद्द काँक्रीट. सेंटरिंग काढताच गच्ची झुकली आणि पुढे दशकानुदशके झुकतच गेली. झोल सुमारे सात इंचांवर पोहोचला. १९९० च्या दशकात रॉबर्ट सिल्मन यांच्या अभियंत्यांनी काँक्रीट न फोडता, रडारसारख्या उपकरणांनी तुळया तपासल्या. सळया सोळाच निघाल्या. त्यांच्या गणिताप्रमाणे आठ सळयांवर गच्ची तगली नसती आणि सोळाही पुरेशा नव्हत्या. २००२ मध्ये तुळयांलगत पोलादी केबल ताणून झोल थांबवण्यात आला.

तेव्हा पोलाद दुप्पट झाले, हे निश्चित. कॉफमन यांच्या अभियंत्यांमुळे झाले, हेही निश्चित. राइट यांच्या कल्पनेची झेप मोठी होतीच. पण ज्या सळयांवर ते संतापले, त्यांनीच ती झेप सावरून धरली, हे त्यांच्याच तुळयांतून सिद्ध होते.