मोह, माल्ट आणि मुलूख

रॉबर्ट बर्न्सने १७८६ च्या आपल्या पहिल्या काव्यसंग्रहात व्हिस्कीची थोरवी गाणारी कविता छापली आणि १७८९ मध्ये तो अबकारी खात्याच्या नोकरीत शिरला. वर्गात ही माहिती गंमत म्हणून सांगितली जाते. आम्हांला मात्र तीत त्या शतकाच्या स्कॉटलंडचा सारा पेच दिसतो.

स्कॉच व्हिस्कीचा प्रादेशिक इतिहास पाण्याइतकाच करांनी घडवलेला आहे. १७८४ च्या कायद्याने हायलँड आणि लोलँड यांच्यामध्ये एक रेषा आखली व दोन्हींकडे कराचे नियम वेगळे केले. पुढे लोलँडमध्ये कर भट्टीच्या आकारमानावर बसू लागताच तेथील कारखानदारांनी उथळ भट्ट्या बनवून त्या दिवसातून अनेकदा उपसण्याचा सपाटा लावला. दारू बेचव झाली. डोंगरातल्या चोरट्या भट्ट्यांच्या दारूला भाव आला. १८२३ च्या कायद्याने दहा पौंडांच्या परवान्यात हा चोरटा व्यवसाय अधिकृत करण्याची वाट काढली. ग्लेनलिव्हेटच्या जॉर्ज स्मिथने १८२४ मध्ये परवाना घेतला, तेव्हा चिडलेल्या शेजाऱ्यांच्या भीतीने त्याला पिस्तुले बाळगावी लागली. पण खोऱ्याचे नाव बाटलीवर आले. आज स्पेसाइड, आयला, कॅम्पबेलटाउन ही नावे, हायलँड आणि लोलँडसह, २००९ च्या नियमांनी संरक्षित आहेत.

आता आपल्याकडे पाहू. नाशिकच्या पश्चिमेस पेठ-सुरगाण्याच्या रानात मोह आहे, आणि मोहफुलांची दारू हा तेथील आदिवासींच्या घरचा, सणासुदीचा, देवाधर्माचा भाग होता. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गाळप मक्तेदारांच्या मध्यवर्ती भट्ट्यांत एकवटले. १८९२ च्या मोहफुलांसंबंधीच्या कायद्याने तर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत फुले जवळ बाळगण्यावरच बंधन आणले. स्कॉटलंडमध्ये चोरट्या गाळणाऱ्याला कायद्याने कारखानदार होण्याची संधी दिली. येथे घरच्या गाळणाऱ्याला गुन्हेगार केले. दोन्ही कायदे ब्रिटिशांचेच, हे विसरू नये.

अर्थात या चित्राला दुसरी बाजू आहे आणि ती महात्मा फुल्यांची आहे. १८८० मध्ये पुणे नगरपालिकेचे सभासद असताना त्यांनी शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी निषेध नोंदवला. सरकारी महसुलासाठी गरिबांच्या संसारांची राख होते, हे त्यांना दिसत होते. तेव्हा मोहाच्या भट्टीबद्दल हळवे होऊन लिहिणे आम्हांला जमणार नाही. पण फुल्यांचा रोख दुकानांवर आणि ती वाढू देणाऱ्या व्यवस्थेवर होता. रानातल्या घरगुती भट्टीचा प्रश्न निराळा. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या दारूबंदी कायद्याने तो सोडवला नाही; मोहफुले नियंत्रणातच राहिली.

दरम्यान नाशिकचे नाव बाटलीवर आले ते द्राक्षांमुळे. सुलाची पहिली वाइन २००० साली बाजारात आली, २००१ मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रिया धोरण जाहीर केले आणि २०१० च्या सुमारास ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळाले. द्राक्षबागाईतदारांचे ते यश खरेच मोठे. मोह गोळा करणाऱ्या पाड्यांच्या वाट्याला असे काही आले नाही.

आणि व्हिस्की? तीही आता आपल्या जिल्ह्यात गाळली जाते. २०२२ च्या अखेरीस एका फ्रेंच मालकीच्या कंपनीने आपल्या दिंडोरीच्या कारखान्यातली सिंगल माल्ट विक्रीस आणली. तिच्या नावात दिंडोरी नाही, नाशिकही नाही. नाव आहे ‘लाँगिट्यूड ७७’, भारतातून जाणाऱ्या ७७ अंश पूर्व रेखावृत्तावरून. दिंडोरी ७४ अंशांच्याही किंचित पश्चिमेला आहे.